चाळीसगावहून कोकणात एटीव्ही चालवायला निघालात? आधी वाळूखाली काय असतं ते बघा

डिसेंबर लागला की खान्देशातून कोकणाकडे गाड्या सुटतात. चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, धुळे, सगळीकडून. कुणी नाशिकवरून मुंबई गाठतं आणि अलिबागला उतरतं. कुणी कन्नड घाट चढून संभाजीनगर, पुणे, ताम्हिणी असं करत दापोली-मंडणगडपर्यंत पोचतं. पाचशे किलोमीटर अंतर कापून, अंग आंबून गेलेलं असतं. शेवटी सुरूची झाडं संपतात, समोर समुद्र दिसतो. आणि समुद्राच्याही आधी दिसतात ओळीनं उभ्या केलेल्या, फुगलेल्या चाकांच्या लाल-पिवळ्या गाड्या.

एटीव्ही. ‘ऑल टेरेन व्हेईकल’. म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारी गाडी. काही शे रुपये द्यायचे, पाच-दहा मिनिटं वाळूवर फिरवायची, मित्रानं मोबाईलवर रील काढायचं. नागाव, काशीद, दिवेआगर, दापोलीजवळचं मुरूड, गणपतीपुळे... गर्दीच्या किनाऱ्यांवर हे दृश्य आता नेहमीचं आहे. आणि गर्दीचा कंटाळा आलेल्यांची पुढची फर्माईश ठरलेली असते : जिथं कुणी जात नाही असं एखादं गाव शोधू, तिथं मोकळ्या किनाऱ्यावर मनसोक्त गाडी फिरवू.

कल्पना ऐकायला झकास आहे. पण ज्या गावांचे किनारे अजून मोकळे आहेत, ते मोकळे का राहिलेत, हे कळलं की या बेतात थोडा बदल करावासा वाटू शकतो.

ही गाडी आली कुठून?

आज दिसते ती चार चाकांची गाडी मुळात तीन चाकांची होती. १९७० मध्ये होंडानं अमेरिकेत तीन फुगऱ्या चाकांची एक छोटी गाडी बाजारात आणली. बर्फ पडला की मोटरसायकली विकल्या जायच्या नाहीत, मग डीलरनं हिवाळ्यात विकायचं काय, या साध्या अडचणीतून ती जन्माला आली. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या सिनेमात जेम्स बाँड तिच्यावर बसलेला दिसला. मग काय, खेळणं हिट झालं.

पण तीन चाकांची गाडी वळणावर फार उलटायची. अपघात वाढले, लहान मुलं दगावली. शेवटी १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्यात कंपन्यांनी तीन चाकी एटीव्ही विकणं थांबवलं. तोपर्यंत सुझुकीनं १९८२ मध्येच चार चाकी गाडी आणलेली होती. तीच पुढे जगभर पसरली. शेतात, जंगलात, बर्फात, वाळवंटात. आपल्याकडे कच्छच्या रणात सीमा सुरक्षा दल एटीव्ही वापरतं, मुंबई पोलीस चौपाट्यांवर गस्त घालायला वापरतात. भारतात तर एका कंपनीनं एटीव्हीला चक्क ट्रॅक्टर म्हणून मान्यता मिळवली आणि रस्त्यावर चालवता येईल असं मॉडेल आणलं. खान्देशातल्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. ही गाडी स्वभावानं ट्रॅक्टरचीच धाकटी भावंड आहे.

तिची खरी करामत चाकात आहे. कारच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा भरतात. एटीव्हीच्या टायरमध्ये बहुतेक वेळा ३ ते ७ पीएसआय एवढीच. त्यामुळे टायर जमिनीवर पसरतो, वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि गाडी रुतत नाही. उंटाचा पसरट पाय वाळूत बुडत नाही, तसंच.

इथूनच एक गैरसमज सुरू होतो. गाडी रुतत नाही म्हणजे ती वाळूला काही करत नाही, असं वाटतं. सरळ, सावकाश जाणाऱ्या एटीव्हीपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण किनाऱ्यावर कोण सरळ, सावकाश चालवतं? गोल गोल फिरवणं, एकदम ब्रेक मारणं, वाळू उडवणं, हीच तर मजा असते. टायरवरचे उंच गट्टू त्या वेळी नांगरासारखे काम करतात.

सोपी दिसते, सोपी नाही

एटीव्हीला स्टेअरिंग नसतं, मोटरसायकलसारखं हँडल असतं. अॅक्सिलरेटर उजव्या अंगठ्याखाली. चार चाकं असल्यामुळे ती कारइतकी स्थिर असणार असं वाटतं, आणि तिथंच चूक होते.

कारची बाहेरची आणि आतली चाकं वळताना वेगवेगळ्या वेगानं फिरू शकतात. बऱ्याच एटीव्हींमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच कण्यावर बांधलेली असतात, ती एकसारखीच फिरतात. त्यामुळे गाडी वळायला कुरकुर करते. चालवणाऱ्यानं आपलं अंग आतल्या बाजूला झुकवून तिला वळवायचं असतं. हे शिकावं लागतं. न शिकलेला माणूस हँडल जोरात फिरवतो, अंग बाहेरच्या बाजूला जातं, घाबरून अंगठा आणखी दाबला जातो. गाडी अरुंद, बसायची जागा उंच, डोक्यावर छत नाही, कमरेला पट्टा नाही. उलटली की दोन-तीनशे किलोचा लोखंडी सांगाडा अंगावर.

म्हणूनच बहुतेक एटीव्हींवर कंपनीनंच दोन इशारे चिकटवलेले असतात : सोळा वर्षांखालच्यांनी मोठी एटीव्ही चालवू नये आणि एका माणसाच्या गाडीवर दुसरा बसवू नये. दुसरा माणूस बसला की अंग झुकवून तोल सांभाळायची सगळी सोयच जाते. आता आपल्या किनाऱ्यावरचं चित्र आठवा. पुढे सात-आठ वर्षांचं पोर, मध्ये बाबा, मागे आई, आणि हेल्मेट कुणालाच नाही.

राइड घ्यायचीच असेल तर गाडीवालेभाऊंना दोन गोष्टी विचारता येतात. एक, हेल्मेट आहे का. दोन, मनगटाला बांधायची दोरी आहे का, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं. दोन्हींचं उत्तर ‘काही होत नाही हो’ असं आलं, तर पैसे खिशात ठेवलेले बरे.

फेरारी आणि बैलगाडी

२०२४ च्या वर्षअखेरीला रेवदंड्याच्या किनाऱ्यावरचा एक व्हिडिओ देशभर फिरला. कोट्यवधींची फेरारी वाळूत रुतून बसली होती, आणि तिला दोर बांधून बाहेर काढत होती बैलगाडी. लोक पोट धरून हसले. पण ती गाडी का रुतली, हे फार थोड्यांनी विचारलं.

गिरणेच्या पात्रात ट्रॅक्टर घालणाऱ्यांना वाळूचं हे गणित पाठ असतं. कोरडी वाळू सैल असते, कण एकमेकांवरून घसरतात, चाक खाली जातं. थोडी ओली वाळू मात्र घट्ट असते, कारण कणांमधलं पाण्याचं पातळ आवरण त्यांना धरून ठेवतं. पोरं वाळूचा किल्ला करतात तो याच वाळूचा. आणि पूर्ण भिजलेली, पाण्यानं भरलेली वाळू? तिच्यात कण पाण्यात तरंगायला लागतात. वरून कडक दिसते, वजन पडून हादरलं की रबडी होते.

समुद्राची भानगड अशी, की या तिन्ही वाळूंच्या जागा दर तासाला बदलतात. अकराला ज्या घट्ट पट्ट्यावर गाडी मस्त चालली, तिथंच दोनला पाणी असू शकतं.

कोकणात दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. ती काढायचा एक जुना हिशेब किनाऱ्यावर चालत आलेला आहे आणि त्याला मोबाईल लागत नाही, घरातलं पंचांग पुरतं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. आज चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास मागे-पुढे, म्हणजे नऊला ओहोटी. अष्टमी असेल तर सहाला भरती. एकादशीला सव्वाआठ. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे नेमकी वेळ स्थानिकांना किंवा भरतीच्या तक्त्याला विचारावी. पण समुद्र आत्ता येतोय की जातोय, एवढं या हिशेबातून घरबसल्या कळतं.

पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास उधाण असतं. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. दक्षिणेकडे जाऊ तसा तो कमी होतो. आता समजा किनाऱ्याचा उतार इतका हलका आहे की पन्नास मीटर चाललं की एक मीटर चढ. पाणी तीन मीटर उंच चढलं, तर ते आत किती येईल? दीडशे मीटर. आणि ते सहा तासांत एकसारखं येत नाही. पहिल्या तासात हळू, शेवटच्या तासात हळू, आणि मधल्या दोन तासांत निम्मं. ‘आत्ता तर पाणी लांब होतं’ असं म्हणत गाडीकडे पळणारे पर्यटक दर सुट्टीत दिसतात, त्याचं कारण हे मधले दोन तास.

वरच्या कोरड्या पट्ट्यात कोण राहतं?

भरती वाढायला लागली की गाड्या साहजिकच वर सरकतात. भरतीची शेवटची खूण आणि सुरूची झाडं यांच्यामध्ये जो कोरड्या वाळूचा पट्टा असतो, तिथं. कोकणात वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात. पुळणीचा हा वरचा भाग नुसता बघितला तर रिकामा वाटतो.

तो रिकामा नसतो. तिथं मर्यादवेल पसरलेली असते, जांभळ्या फुलांची. नाव किती नेमकं आहे बघा, समुद्राची मर्यादा दाखवणारी वेल. तिच्यासोबत रावणाच्या मिशा नावाचं टोकदार गवत असतं. वाऱ्यानं उडणारी वाळू या दोघांच्या मुळांत अडकते आणि वाळूचे उंचवटे तयार होतात. वादळात समुद्र आत घुसतो तेव्हा गावाच्या आधी हे उंचवटे मार खातात. चाकं पुन्हा पुन्हा फिरली की वेल तुटते, गवत मरतं, वाळू सुटी होऊन उडून जाते. ती परत साठायला वर्षं लागतात.

मग खेकडे. पुळणीवरची छोटी छोटी गोल भोकं म्हणजे त्यांची बिळं. ऑस्ट्रेलियातल्या किनाऱ्यांवर गाड्यांचा या खेकड्यांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास झालेला आहे. खोल बिळातले खेकडे गाडी वरून गेली तरी वाचतात, उथळ बिळातले चिरडले जातात, आणि रात्री बाहेर फिरणाऱ्यांना तर काहीच आसरा नसतो.

आणि मग कासव.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री समुद्रातून बाहेर येते. पाण्याखाली चपळ असलेलं हे चाळीसेक किलोचं जनावर जमिनीवर अंग ओढत, थांबत थांबत चढतं. भरतीचं पाणी पोचणार नाही अशा जागी मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करतं, शंभराच्या आसपास अंडी घालतं, वाळूनं झाकतं आणि परत जातं. ते पुन्हा बघायला येत नाही. साधारण ५० दिवस अंडी वाळूच्या उबेवर राहतात. ही ऊब इतकी महत्त्वाची की त्यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. वाळू जास्त गरम, तर माद्या जास्त.

म्हणजे मादीला हवा असतो तो नेमका तोच पट्टा, जो भरतीच्या वेळी एटीव्हीवाल्यांनाही हवा असतो. आणि वेळही तीच. कोकणात कासवांचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर-डिसेंबरला सुरू होतो आणि पिल्लं बाहेर पडणं एप्रिल-मेपर्यंत चालतं. पर्यटनाचा हंगाम याहून वेगळा काय असतो?

चाक अंड्यांवरून गेलं की ती फुटतातच असं नाही. पण वाळू दाबली जाते. अंड्यांना हवा कमी मिळते, आणि पिल्लांना वर यायला दगडासारखी जमीन फोडावी लागते. त्यातून वर आलेलं पिल्लू असतं चार-पाच सेंटीमीटरचं. समुद्राकडे निघतं आणि वाटेत चाकाची चाकोरी लागते. माणसाच्या घोट्याइतकी खोल, पण पिल्लासाठी ती दोन-तीन पुरुष उंचीची भिंत. ते चढू शकत नाही, मग चाकोरीतूनच चालत राहतं. समुद्राला समांतर. जीव थकतो, ऊन चढतं, कावळे असतातच. मोठं होण्यापर्यंत हजारात एखादंच पिल्लू पोचतं असं एरवीही मानलं जातं. त्यात ही भर.

वेळास : रिकाम्या किनाऱ्यावर जगणारं गाव

रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात वेळास आहे. सावित्री नदीच्या मुखाच्या दक्षिणेला, पलीकडे हरिहरेश्वर. इतिहासात हे गाव ठाऊक आहे ते नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून. श्रीवर्धनकडून येणारे बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी घालतात, वेसवीला उतरतात आणि बाणकोट किल्ल्याच्या पायथ्यावरून गावात येतात. नारळी-पोफळीची आगरं, कौलारू घरं. पुळण गावाला चिकटून नाही, थोडं चालावं लागतं.

‘दुर्गम किनारी गाव’ म्हणून जे शोधतात, ते हेच.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या लोकांना, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, इथं कासवांची घरटी असल्याचं लक्षात आलं. त्या काळी किनाऱ्यावर सापडलेली अंडी उकरून खाल्ली किंवा विकली जायची. उरलेली कुत्री-कोल्हे खायचे. संस्थेनं गावातल्याच लोकांना सोबत घेतलं. पहाटे पुळणीवर चालत जायचं, मादीच्या पायांचे माग शोधायचे, अंडी अलगद काढून जाळीच्या कुंपणात तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची. हे करणाऱ्या गावकऱ्यांना आज सगळे कासवमित्र म्हणतात. पुढे हे काम वन विभागानं आणि त्याच्या कांदळवन कक्षानं हाती घेतलं आणि ते रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या अनेक किनाऱ्यांवर पसरलं.

पण खरी युक्ती २००६ ची. त्या वर्षी वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोकांना बोलवायचं, राहायची सोय गावातल्या घरांतच करायची. हॉटेल नाही. ओसरीवर गाद्या, ताटात सोलकढी, नशीब असेल तर उकडीचे मोदक. फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं इथं यायला लागली आणि गावात पैसा आला. ज्या घरात एकेकाळी कासवाच्या अंड्यांची पोळी व्हायची, त्याच प्रकारच्या घरांना कासवामुळे पाहुणे मिळायला लागले.

म्हणून वेळाससारख्या गावात एटीव्हीचा प्रश्न नुसत्या निसर्गप्रेमाचा राहत नाही. दहा मिनिटांच्या राइडचे पैसे गाडीच्या मालकाला मिळतात. पुळण शाबूत राहिली तर पाहुणे ज्या घरांत उतरतात त्या सगळ्यांना मिळतात. अर्थात दुसरी बाजूही आहे. नागाव-काशीदला एटीव्ही चालवणारी पोरंही बहुतेक स्थानिकच असतात. मासेमारीत राम उरला नाही म्हणून कर्ज काढून गाडी घेतलेली असते आणि वर्षातले चार महिने पावसाळ्यात धंदा बंद. त्यांना खलनायक ठरवून काही साधत नाही. त्यांना गाडी नेमकी कुठे चालवायची, याची आखलेली जागा मिळायला हवी. ती जागा भरतीच्या खुणेच्या वर नसावी, एवढंच.

एका कासवाचा नंबर : ०३२३३

ही पुळण किती दूरच्या जीवांची आहे, हे अलीकडे कळलं. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवून तिला सोडलं. नाव ठेवलं ‘प्रथमा’. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर असं पहिल्यांदाच झालं. नंतर आंजर्ले आणि गुहागरहून आणखी कासवं सोडली. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली.

मग २०२५ मध्ये उलटं घडलं. २७ जानेवारीला गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालताना दिसली. तिच्या वल्ह्यासारख्या पायाला आधीच धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. शोध घेतला तर ती पट्टी मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला लावलेली निघाली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी, असं तोवर समजलं जायचं. ही बाई सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पोहून आली होती. तिनं १२० अंडी घातली, त्यातून १०७ पिल्लं बाहेर पडली.

चाळीसगावहून पाचशे किलोमीटर गाडी चालवून थकलेल्यांनी हा आकडा एकदा बघून घ्यावा.

कायदा काय म्हणतो?

‘रस्ता नाही, मग आरटीओचा काय संबंध?’ हा युक्तिवाद किनाऱ्यावर हमखास ऐकू येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मात्र ‘रस्ता’ एवढाच शब्द वापरत नाही, ‘सार्वजनिक जागा’ म्हणतो. आणि कलम २ मध्ये तिची व्याख्या आहे : जिथं जायचा लोकांना हक्क आहे अशी कुठलीही जागा, मग तिथून वाट जात असो वा नसो. सरळ वाचलं तर सर्वांसाठी खुला असलेला किनारा या व्याख्येत बसतो.

आणि तो बसला की मागोमाग सगळं येतं. कलम ३९ नुसार सार्वजनिक जागी बिगर नोंदणीची गाडी चालवता येत नाही. कलम १४६ नुसार तिचा थर्ड पार्टी विमा हवा. कलम ३ आणि ४ नुसार चालवणाऱ्याकडे लायसन्स हवं आणि वय पुरेसं हवं. किनाऱ्यावरच्या बहुतेक एटीव्हींना नंबर प्लेट नसते, कारण त्या रस्त्यासाठी मान्यताच नसलेल्या गाड्या असतात. नोंदणी नसेल तर पहिल्या वेळी दोन ते पाच हजारांचा दंड कायद्यात आहे. पण खरी अडचण दंडाची नाही. अपघात झाला, दुसऱ्याला लागलं, तर विमा नाही. भरपाई कुणाकडे मागणार? आणि पोराच्या हातात हँडल देणाऱ्या पालकांसाठी २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९९ अ आणलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड.

दुसरा कायदा किनाऱ्याचा. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत कासवांची विणीची ठिकाणं आणि वाळूचे उंचवटे सर्वाधिक संरक्षणाच्या गटात, सीआरझेड-१ए मध्ये, आहेत. शिवाय ऑलिव्ह रिडले हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये येतं, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. त्याच्या अंड्यांना धक्का लावणं हा शिकारीइतकाच गंभीर गुन्हा.

धंदा करणाऱ्यांसाठीही नियम आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या २०१८ च्या साहसी पर्यटन मार्गदर्शक सूचनांमध्ये एटीव्ही सफरींवर वेगळं प्रकरण आहे. महाराष्ट्रानं ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं, त्यानुसार अशा उपक्रमांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. त्यामुळे ‘तुमची नोंदणी आहे का’ हा प्रश्न पर्यटकानं विचारणं आगाऊपणा नाही.

शेजारच्या गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. २०२२ मध्ये तिथल्या पर्यटन खात्यानं आदेश काढून ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत दंड ठेवला. अमेरिकेतल्या केप हॅटरस किनाऱ्यानं वेगळी वाट काढली. तिथं २०१२ पासून गाडी न्यायला परवाना लागतो, काही पट्टे कायमचे बंद आहेत, आणि कासवांच्या हंगामात रात्री गाड्या नेता येत नाहीत. कोकणात सगळीकडे सरसकट बंदी झेपणारी नसेल, तर हा नमुना विचार करण्यासारखा आहे.

मग असं गाव बघायचं कसं?

एटीव्हीची हौस असेल तर ती खासगी जागेवर, मातीच्या ट्रॅकवर भागवता येते. पुण्याहून खाली उतरताना लोणावळा परिसरात अशी साहसी उद्यानं आहेत. तिथं हेल्मेट मिळतं, शिकवणारा असतो, आणि चिखल-खड्ड्यांमध्ये ही गाडी ज्यासाठी बनली ते काम करताना दिसते. सपाट पुळणीपेक्षा त्यात मजाही जास्त आहे. घराजवळ म्हणून कुणी पाटणादेवीच्या डोंगरात गाडी काढायचा विचार करत असेल तर तो सोडावा. तो भाग गौताळा अभयारण्याचा आहे.

एटीव्ही किनाऱ्यावरच चालवायची असेल तर दिवसाउजेडी, ओहोटीला, पाण्याजवळच्या ओल्या घट्ट पट्ट्यात, आणि मर्यादवेल दिसली की तिथून मागे. वाळूत उलट्या टोपल्या, जाळी किंवा काठ्यांचं कुंपण दिसलं तर तो भाग घरट्यांचा असतो.

आणि वेळास, आंजर्ले, गुहागर अशा ठिकाणी जायचं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ धरावा. घरं आधी सांगून ठेवावी लागतात. पिल्लं सोडतात सकाळी उजाडता-उजाडता आणि संध्याकाळी सूर्य कलल्यावर. कुंपणातल्या प्रत्येक खड्ड्यावर टोपली पालथी घातलेली असते. कासवमित्र एकेक टोपली उचलून बघतात. खाली पिल्लं असतील तर ती पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत ठेवतात आणि दोरीच्या अलीकडे उभं राहून सगळे बघतात. फ्लॅश मारायचा नाही, हात लावायचा नाही. कधी एका सकाळी पन्नास-साठ पिल्लं निघतात, कधी सगळ्या टोपल्या उचलून झाल्या तरी एकही नाही. तसं झालं तर पुन्हा संध्याकाळी यायचं. मधल्या वेळात बाणकोटचा किल्ला बघून होतो.